पन्नास वाघिणींत पंचवीस ग्रॅम

लातूरच्या पाण्याची गोष्ट निघाली की एक आकडा हमखास येतो: पंचवीस लाख. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी आणि एका खेपेला २५ लाख लिटर. जवळपास ३४० किलोमीटर रुळांवरून लातूरला पाणी येत होतं आणि तिथून पस्तीसेक किलोमीटरवरच्या चाकुरात लोक टँकरच्या खेपा मोजत होते. त्या उन्हाळ्यानं आमच्या भागाला एक सवय लावली. पाणी म्हटलं की ‘किती’ हे आधी विचारायचं, ‘कसलं’ हे सवडीनं.

तीच गाडी इथे दुसऱ्या हिशेबासाठी वापरू. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं? भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक सांगतं, लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. पंचवीस लाखांना गुणा. पन्नास वाघिणींच्या अख्ख्या गाडीत मिळून २५ ग्रॅम, म्हणजे पोरं खेळतात त्या गोटीएवढा शिशाचा एक गोळा. तेवढा विरघळला की गाडी मर्यादेवर आली, आणखी थोडा विरघळला की सगळं पाणी नापास. कॅडमियमची मर्यादा जास्त कडक, लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम. गाडीच्या वाट्याला साडेसात ग्रॅम. पाऱ्याची ०.००१, म्हणजे गाडीला अडीच ग्रॅम. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यानं हे अडीच ग्रॅम जेमतेम तीन-चार थेंब भरतील. पन्नास वाघिणी, तीन-चार थेंब.

आता गाडी सोडा आणि २०० मिलिलिटरचा एक पेला घ्या. पाणी बरोबर मर्यादेवरचं, कायद्याच्या दृष्टीनं शुद्ध. या पेल्यात दोन मायक्रोग्रॅम शिसं आहे. अणू मोजायला बसलात तर सुमारे ५,८०० लाख कोटी भरतील. जगातल्या प्रत्येक माणसाला वाटले तरी माणशी सात लाख येतात. हे वाचून पेला खाली ठेवू नका, कारण दुसरी बाजूही तितकीच अचाट आहे. त्याच पेल्यात शिशाच्या एका अणूमागे पाण्याचे ११५ कोटी रेणू आहेत. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी भरली होती. म्हणजे अख्ख्या देशातून एक माणूस हुडकायचा, तोही नाव-गाव ठाऊक नसताना. कॅडमियमचं प्रमाण २०८ कोटींत एक. पाऱ्याचं १,११३ कोटींत एक, आणि एवढी माणसं तर पृथ्वीवर एका वेळी अजून कधी नव्हतीच.

तळ्यात पसरलेली, आपण शिव्या घालतो ती जलपर्णी या गर्दीतून तो एक अणू वेचते. वीज लागत नाही, पंप लागत नाही, कामगार लागत नाही.

खरं तर ती वेचत नाही, फसते. झाडाला कॅल्शियम हवं असतं, जस्त हवं असतं, लोह हवं असतं. ते आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात. कॅल्शियमच्या आयनाची त्रिज्या १०० पिकोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कॅडमियमच्या आयनाची ९५. दोघांवर विद्युतभार सारखाच. एक कोटीव्या भागातही पाचच टक्क्यांचा फरक, तो दाराला ओळखू येत नाही. आर्सेनिकचंही तसंच. आर्सेनेटची घडण फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती की ते खताच्याच वाटेनं आत शिरतं. शिशाला मात्र फार आत जावंही लागत नाही. मुळांच्या पेशीभित्तीत पेक्टिन असतं, त्यावर ऋणभार असतो, आणि शिसं तिथेच चिकटून बसतं. म्हणून शिसं पानांपर्यंत क्वचितच पोचतं, मुळांतच साठतं.

यात पाणवनस्पतींना एक सोय आहे. शेतातल्या झाडाला धातू मातीच्या कणांकडून हिसकून घ्यावा लागतो आणि आपली काळी चिकणमाती तर तो सहजी सोडतच नाही. जलपर्णीची मुळं पाण्यात मोकळी लोंबतात, काळसर जांभळी आणि पिसांसारखी बारीक फाटे फुटलेली. जो थेंब वाहत येईल तो या जाळीतून गाळूनच पुढे जातो. पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला आणि वॅलिसनेरिया यांची पानं पातळ असतात, त्यामुळे त्या पानांनीही शोषतात. काठावरच्या पाणकणसाची तऱ्हा निराळी. त्याच्या पानांत आणि खोडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून ऑक्सिजन खाली चिखलातल्या मुळांपर्यंत जातो. मग चिखलात विरघळलेलं लोह मुळांभोवती गंजतं, तांबूस थर चढतो, आणि आर्सेनिक बरंचसं त्या थरातच अडकतं. भाताचं रोप उपटून पाहिलं तर मुळांवर हाच तांबूस लेप दिसतो.

धातू आत आला, पुढे काय? तो तसाच मोकळा फिरला तर झाड मरेल. हरितद्रव्याच्या एका रेणूत मॅग्नेशियमचा एकच अणू असतो, अगदी मधोमध. तांबं, कॅडमियम, पारा हे त्याला ढकलून त्याची जागा घेऊ शकतात आणि मग तो रेणू प्रकाश पकडण्याच्या कामाचा राहत नाही. १९९६ मध्ये हेंड्रिक क्यूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाणवनस्पतींवरच दाखवून दिलं. एका अणूची अदलाबदल आणि पानाची चूल बंद.

यावरचा उतारा झाडाकडे आहे आणि तो कळला जेमतेम चाळीस वर्षांपूर्वी. १९८५ मध्ये म्युनिकच्या एर्विन ग्रिल, एर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट झेंक यांनी वनस्पतींच्या पेशींत धातूला बांधून टाकणाऱ्या साखळ्या शोधल्या. नाव दिलं फायटोकेलॅटिन. ज्या वनस्पतीच्या पेशी त्यांनी त्यासाठी वाढवल्या होत्या ती होती आपली सर्पगंधा. सर्पगंधा आपल्याकडे रक्तदाबाचं औषध म्हणून माहीत. तिच्या पेशी कॅडमियमशी झुंजताना काय करतात हे बघायला मात्र जर्मनीत जावं लागलं.

ही साखळी बनते ती ग्लुटाथायोन नावाच्या लहानशा रेणूपासून. त्यात तीन अमिनो आम्लं, पैकी सिस्टीनमध्ये गंधक. साखळीतल्या कडीची दोनपासून अकरा वेळांपर्यंत पुनरावृत्ती होते आणि तेवढे गंधकाचे हात तयार होतात. गंमत अशी की साखळी विणणारं विकर पेशीत आधीपासून हजर असतं. धातू आला की तोच त्याला कामाला लावतो, हुकमाची वाट पाहावी लागत नाही. बांधलेला धातू मग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या कोठारात, टाकला जातो. पूर्ण वाढलेल्या पेशीचा ऐंशी-नव्वद टक्के भाग ही रिक्तिकाच व्यापते, त्यामुळे कोठाराला जागेची चणचण नाही. आपल्या रसशास्त्रात पारा आणि गंधक एकत्र खलून कज्जली करतात. पाऱ्याला गंधक धरून ठेवतं हे वैद्यांना ठाऊक होतं. वनस्पती ते वैद्यांच्याही कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत.

माणसाकडेही असाच एक गंधकवाला रक्षक आहे, मेटॅलोथायोनिन. १९५७ मध्ये हार्वर्डमध्ये तो घोड्याच्या मूत्रपिंडात सापडला. पण आपल्याला रिक्तिका नाही. आत गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात मुक्काम ठोकतं आणि निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं घेतं. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यातून आणि त्यावर पिकलेल्या भातातून कॅडमियम माणसांत गेलं, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनं मोडू लागली. त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये जपान सरकारनं तो प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं.

झाडाची ताकद किती, हे मोजायचं काम अनेकांनी केलं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गेली काही दशकं हायड्रिला, वॅलिसनेरिया, ब्राह्मी अशा पाण्यातल्या-पाण्याकाठच्या वनस्पतींवर क्रोमियमपासून पाऱ्यापर्यंतच्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्रात बिल वुल्व्हर्टन यांनी १९७० च्या दशकात जलपर्णीला निकेल आणि कॅडमियम पाजून पाहिलं. पण डोळे विस्फारायला लावतात ते बर्कलीच्या नॉर्मन टेरी यांच्या गटाचे आकडे. १९९८ मध्ये त्यांनी लेम्ना म्हणजे टिकलीएवढ्या पानांची, साचल्या पाण्यावर हिरवा थर धरणारी वनस्पती तपासली. वाळवलेल्या किलोभर लेम्नात १३.३ ग्रॅम कॅडमियम निघालं, सव्वा टक्क्याहून जास्त. पुढच्या वर्षी जलपर्णीची पाळी. तिच्या वाळलेल्या मुळांत किलोमागे ६,१०३ मिलिग्रॅम कॅडमियम, पानदेठांत ३७१. भारताच्या खत नियंत्रण आदेशानुसार कंपोस्टमध्ये कॅडमियम किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मुळांतला आकडा त्याच्या १,२२० पट. एवढं पोटात घेऊन झाड जिवंत होतं.

जमिनीवरचा विक्रम यापेक्षा मोठा आहे, तोही सांगून टाकतो. न्यू कॅलेडोनिया बेटावर पिक्नांड्रा अक्युमिनाटा नावाचं झाड आहे. खोडावर घाव घातला की निळसर हिरवा चीक येतो, आणि तो वाळवला तर त्यात जवळपास पाव हिस्सा निकेल. १९७६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण ते झाड सावकाश वाढतं. जलपर्णीचा खरा पराक्रम वेगाचा आहे.

१९४८ मध्ये पेनफाउंड आणि अर्ल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी लुइझियानात मोजदाद केली. जलपर्णी साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होते. दहा रोपं सोडली तर आठ महिन्यांच्या एका हंगामात सोळा वेळा दुप्पट होऊन ६,५५,३६० रोपं होतात आणि एकरभर पाणी झाकलं जातं. आता कागदावर आणखी आठ महिने द्या. रोपं ४,२९५ कोटी, व्याप ६५,५३६ एकर, म्हणजे सुमारे २६५ चौरस किलोमीटर. पैठणच्या नाथसागराचा पाऊण भाग झाकला गेला. प्रत्यक्षात असं होत नाही. पाण्यातलं अन्न संपतं, थंडी आडवी येते, जागाच उरत नाही. पण पहिल्या दहा रोपांकडे दुर्लक्ष का करू नये, हे यातून कळावं. शिवाय बी चिखलात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. दुष्काळात तळं पूर्ण आटलं तरी बी तळाशी असतंच, आणि चांगला पाऊस झाला की पुन्हा हजर.

दाट थर जमला तर हेक्टरी ओलं वजन तीनशे टनांच्या आसपास जाऊ शकतं. त्यात पंच्याण्णव टक्के पाणी. वाळवून हातात येतं ते पंधरा टन.

इथे पुन्हा रेल्वेकडे वळतो, कारण कुठलाही चमत्कार ताळेबंदावर घासून पाहिला पाहिजे. पन्नास वाघिणींत साडेसात ग्रॅम कॅडमियम आहे असं धरू. चांगली शोषक वनस्पती पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारपट धातू वाळल्या अंगात साठवते, असा अभ्यासकांचा ढोबळ निकष आहे. पाण्यात लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम म्हणजे झाडात किलोमागे ३ मिलिग्रॅम. साडेसात ग्रॅम उचलायला अडीच हजार किलो वाळली जलपर्णी हवी. ओली धरली तर पन्नास टन, बरोबर एका वाघिणीचा माल. पन्नास वाघिणी पाणी स्वच्छ करायला एक वाघीण जलपर्णी, तीही हिशेब झाडाच्या बाजूनं झुकवून. कारण पाणी जसजसं स्वच्छ होतं तसतसं झाडाच्या हाती कमी लागतं, शेवटचे ग्रॅम फार महाग पडतात.

बर्कलीचे आकडे एवढे मोठे आले त्याचं कारणही यातच आहे. तिथल्या पाण्यात कॅडमियम लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत चढवलं होतं, पिण्याच्या मर्यादेच्या तीन हजारांहून जास्त पट. जिथे घाण फार तिथे जलपर्णी फार उपयोगाची. जिथे पाणी आधीच बरं आहे तिथे ती फक्त पसरते, सूर्यप्रकाश अडवते, मासे गुदमरतात, डास वाढतात. ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, राहू द्या’ असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी आधी पाणी तपासून घ्यावं.

धातू पाण्यात येतो कुठून? मोठी कारणं सगळ्यांना माहीत आहेत: विद्युतविलेपनाचे कारखाने, रंग, कातडी कमावणं, कोळशाची राख. आपल्या घरादाराचा हिशेब मांडू. जुन्या चकचकीत पिवळ्या-लाल तैलरंगांत एक टक्का शिसं असणं नवलाचं नव्हतं. असा किलोभर रंग म्हणजे दहा ग्रॅम शिसं. ते दहा लाख लिटर पाणी मर्यादेवर आणून ठेवतं, वीस वाघिणी. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. तसा किलोभर रंग नऊ हजार लिटरला पुरतो. नियमानं शंभरपटीहून जास्त फरक पडला, हे मान्य करायला हवं. तरी विसर्जनाच्या विहिरीत किती किलो रंग उतरतो हे ज्याचं त्यानं मोजावं.

बॅटरीचा हिशेब याहून भारी. ट्रॅक्टरच्या बॅटरीत दहा किलोच्या आसपास शिसं असतं. मर्यादेच्या भाषेत दहा किलो म्हणजे शंभर कोटी लिटर, पाण्याच्या ४०० गाड्या. लातूरची तहान भागवणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. तो सगळा उपयुक्त साठा शिशाच्या मर्यादेवर यायला १,७७० किलो शिसं लागेल. बॅटऱ्या १७७. सुदैवानं शिसं असं सरसकट विरघळत नाही, बरंचसं गाळात बसतं. पण ज्या गल्लीत भंगारवाला कोयत्यानं बॅटरी फोडून आतलं आम्ल नालीत ओततो, तिथे काय चाललंय हे समजायला हा आकडा पुरे.

चाकूर तालुक्यातल्या बहुतेक तळ्यांत शिवारातलं पावसाचं पाणी येतं. तिथे जड धातूंची धास्ती घ्यायचं कारण नाही. काळजी आहे ती शहरांच्या खालच्या अंगाला. नांदेडमध्ये नाल्यांचं पाणी गोदावरीत मिसळतं आणि जलपर्णी दरवर्षी डोकं वर काढते. पुण्याकडे पवना, मुळा, इंद्रायणी हिरव्यागार होतात, नद्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत थांबते. उजनीचं पाणी लातूरला आणा, ही मागणी आपल्याकडे वर्षानुवर्षं गाजते आहे. मागणी रास्तच. पण वरच्या अंगाला पिंपरी-चिंचवडसारखी उद्योगनगरी आहे, तेव्हा टीएमसीच्या आकड्याशेजारी मिलिग्रॅमचा आकडाही मागून घ्यायला हवा. एक टीएमसी पाणी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. शिशाच्या मर्यादेवर असेल तर त्यात २८३ किलो शिसं येतं.

आता या सगळ्या पराक्रमाची दुसरी बाजू, जी माझ्या मते मुख्य आहे. झाड धातू नष्ट करत नाही. अणू तोडायची विद्या त्याच्याकडे नाही. झाड धातू गोळा करून एका जागी ठेवतं, बस. जलपर्णी मेली, तळाशी बसली, कुजली की गोळा केलेलं सगळं काही आठवड्यांत पाण्यात नाहीतर गाळात परत. यंत्रानं काढून काठावर ढीग मारला तर पहिल्या पावसात बरंचसं पुन्हा नदीत. आणि कोयत्यानं पानंच कापली तर? बर्कलीचा आकडा पुन्हा बघा: मुळांत ६,१०३, पानदेठांत ३७१. सोळास एक. पानं नेली आणि मुळं ठेवली तर कॅडमियमपैकी मोठा भाग तिथेच राहिला. जलपर्णी मुळासकट निघाली पाहिजे.

काढल्यावर जाळावी? उघड्यावर अजिबात नाही. पारा ३५७ अंशांना उकळतो, कॅडमियम ७६७ ला. पेटलेल्या ढिगात हे तापमान सहज गाठलं जातं. पाण्यातला धातू धुरात जातो आणि धूर गावात. गांडूळखत करावं? गावतळ्यातल्या जलपर्णीचं जरूर करा, उत्तम होतं. औद्योगिक सांडपाण्यावर पोसलेलीचं मात्र तपासणीशिवाय नको. खत आदेशाची मर्यादा शिशासाठी किलोमागे १००, क्रोमियमसाठी ५०, पाऱ्यासाठी ०.१५ मिलिग्रॅम आहे. गांडूळही धातू नष्ट करत नाही, आणि कुजताना वजन घटतं तसं प्रमाण उलट वाढतं. नापास झालेला माल घातक कचऱ्याच्या केंद्रातच जायला हवा. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. मग ओले तीनशे टन तिथवर न्यायचे की आधी वाळवून पंधरा टन करायचे, हा शहाणपणाचा प्रश्न. नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड तंत्र आणखी एका शहाणपणावर उभं आहे. पाणकणीस, कर्दळ अशी झाडं नदीत न सोडता खडी भरलेल्या हौदात लावायची आणि सांडपाणी त्यातून न्यायचं. झाड आपल्या ताब्यात राहतं, वाहून जात नाही. मुख्य उपयोग घरगुती सांडपाण्यासाठी, पण तत्त्व तेच.

गाळाचंही असंच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी तलावांतला गाळ शेतात नेला, जमिनी सुधारल्या. योजना चांगली. शहराचं सांडपाणी ज्या तलावात उतरतं, तिथला गाळ मात्र एकदा प्रयोगशाळेत दाखवून मगच ट्रॉली भरावी.

ताटातल्या पाणवनस्पतींना वेगळी दारं नसतात. शिंगाडा, कमळकाकडी, अळू, नाळीची भाजी ही मंडळी त्याच वाटांनी धातू घेतात. नाल्याकाठचं अळू तजेलदार दिसतं, ते स्वस्त असतं, आणि बाजारात कुणी पत्ता विचारत नाही. अझोल्याचंही तेच. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी ताडपत्रीच्या खड्ड्यात अझोला करतात. विहिरीच्या पाण्यावरचा अझोला उत्तम चारा आहे. नालीच्या पाण्यावरचा करू नये, त्याचा माग दुधापर्यंत जातो. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं संजीवनी बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, लांबून लोक येतात. डोंगरावरच्या मुळीची भीती नाही. पण ब्राह्मीसारखी पाणथळ औषधी नाल्याकाठून तोडून आणली असेल तर ती औषध राहिली की नाही, ते चव सांगत नाही. आयुष मंत्रालयाच्या मर्यादा शिशासाठी दहा लाखांत १० भाग, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ अशा आहेत. जी ब्राह्मी प्रयोगशाळेत पारा शोषून दाखवते, ती नाल्यातही शोषणारच.

एक विनंती करतो. तुमच्या नगरपंचायतीनं किंवा महापालिकेनं जलपर्णी काढायचं काम दिलं तर किती टन काढली एवढंच विचारून परत येऊ नका. मुळासकट काढली का, कुठे टाकली, आणि टाकण्याआधी तिच्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम नि पारा तपासला का, हेही विचारा. निविदेत तो रकाना नसेल तर लेखी अर्ज देऊन घालायला लावा.